उजव्या खांद्यावरचा वळ

तो प्रसंग अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा आहे. छत्तीस वर्षं मी पोलीस खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून टोपी उतरवली. दरोडे पाहिले, खून पाहिले, खोट्या फिर्यादी तर इतक्या पाहिल्या की फिर्यादी खुर्चीत कसा बसतो यावरून अंदाज यायचा. पण कुणी 'एखादी केस सांगा' म्हणालं, की मी त्यातली एकही सांगत नाही. मी सांगतो ती केस निवृत्तीनंतरची आहे आणि परक्या मुलखातली आहे. माझ्याकडे तेव्हा ना वर्दी होती, ना स्टेशन डायरी. आणि त्या तपासातली सर्वांत मोठी चूक तपासी अंमलदाराची, म्हणजे माझीच होती. नाव कुणाचंच घेणार नाही.

माझी लेक जर्मनीत, लुडविग्सहाफेनला असते. मोटारीतल्या एअरबॅग आणि बाजूने बसणाऱ्या धडकेपासून माणसाला वाचवणारी यंत्रणा, हे तिचं काम. नदीपलीकडच्या एका कंपनीत ती नव्याकोऱ्या गाड्या ठोकून बघते आणि आत बसवलेल्या पुतळ्यांच्या बरगड्या किती दबल्या ते मोजते. मी तिला चिडवायचो, "एवढं इंजिनियरिंग शिकवलं आणि शेवटी फुगेवालीच झालीस." ती हसून म्हणायची, "जा बाबा, गेनाऊ. फुगेवालीच." 'जा' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर. तिथल्या मराठी पोरांच्या तोंडात हे शब्द असे बसलेत, की गावाकडे आजीशी बोलतानाही निघतात. माझ्या चिडवण्यात थोडा खरा सूरही होता. पोरीने स्पर्धा परीक्षा देऊन माझ्यासारखी खाकी अंगावर चढवावी अशी माझी फार इच्छा होती.

त्या उन्हाळ्यात मी आणि सौ. तीन महिने तिच्याकडे राहायला गेलो होतो. शेजारच्या इमारतीत एक मराठी कुटुंब होतं. मुलगा रसायनांच्या कारखान्यात संशोधक. त्याची बायको लग्नानंतर आठ महिन्यांपूर्वी तिथे आलेली, पाच फुटांची, चुणचुणीत, नोकरीच्या खटपटीत होती. आणि मुलाचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, दोन महिन्यांसाठी पाहुणे. अण्णा साताऱ्याकडचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उंची सहा फूट, आवाज घाटात घुमेल असा. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी जर्मनीपर्यंत कोटाच्या खिशात आणला होता. रोज सकाळी आम्ही दोघं ऱ्हाईनच्या काठाने फिरायला जायचो. त्यांनी मला 'साहेब' म्हणायचं आणि मी त्यांच्याकडून घाटातल्या वळणांच्या गोष्टी ऐकायच्या, असा आमचा नेम होता.

एका शनिवारी दुपारी अण्णा आणि त्यांची सून गाडी घेऊन भाजी आणायला निघाले. मुलगा प्रयोगशाळेत होता. वस्तीतल्या एका चौकात डावीकडून एक वयस्क जर्मन बाई आल्या. तिथे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं असतं. बाई थांबल्या नाहीत आणि त्यांची गाडी यांच्या गाडीच्या डाव्या दारावर आदळली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे धडक थेट ड्रायव्हरच्या दारावर बसली. एअरबॅग उघडल्या, दार जाम झालं, दोघंही उजव्या दारातून बाहेर आले. पोलिसांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? अण्णांनी छातीला हात लावून सांगितलं, "मी." ते पाहुणे होते, आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आले होते, कागद चोख होते. पोलिसांनी लिहून घेतलं.

रविवारी आम्ही नवरा-बायको विचारपूस करायला गेलो. लेक आम्हाला दारात सोडून तिच्या कामाला निघून गेली. मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच अण्णांनी सदऱ्याची वरची बटणं काढली.

"बघा साहेब, पट्ट्यानं कसं कापलंय."

उजव्या खांद्यापासून डाव्या बरगडीपर्यंत निळाजांभळा वळ उमटला होता. माझ्यातला निरीक्षक ताडकन जागा झाला. असे वळ मी डझनांनी पाहिले होते. गाडी झाडावर आदळते, आम्ही पोचेपर्यंत आतले सगळे बाहेर आलेले असतात, आणि मग प्रत्येक जण म्हणतो मी चालवत नव्हतो. अशा वेळी डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारायचो, वळ कोणत्या खांद्यावर आहे?

"पंचनाम्यात ही पहिली खूण," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पट्टा उजव्या खांद्यावर, म्हणजे माणूस ड्रायव्हर. डाव्या खांद्यावर, म्हणजे शेजारी बसलेला. कोर्टात सुद्धा ही खूण टिकते. अण्णा, उद्या कुणी शंका घेतली तर मी आहे साक्षीला."

"अहो, चहा निवतोय," सौ. म्हणाली. मी आणखी दोन केसेस सांगितल्या. सून माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, पोरीला आपला आधार वाटतोय.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांआड केली. न विचारता पुरावा दाखवणारा माणूस दिसला, की ठाण्यात मी हवालदाराला खूण करायचो: याला जरा बसवून ठेवा. खाई त्याला खवखवे. पण अण्णा माझे मित्र होते आणि त्यांचा बिल्ला मी स्वतःच्या हाताने पुसून पाहिला होता. मित्राचा जबाब घेताना पोलीस नेहमीच आंधळा होतो.

खबर मिळाली ती सोमवारी, घरातूनच. सौ. मेथी निवडत होती.

"अहो, अण्णांच्या सुनेचं काहीतरी बिनसलंय."

"घाबरली असेल. अपघात झालाय."

"ते नाही. आज तिच्याकडे गेले होते. मी डाव्या बाजूला बसले तर ती मान वळवून, उजवा कान पुढे करून ऐकते. फोन पण उजव्या कानाला. विचारलं तर म्हणाली, जरा वाजतंय आत, जाईल आपोआप. डॉक्टरकडे जा म्हटलं तर डोळ्यांत पाणी. आणि वर, काकू, अण्णांना बोलू नका."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. गोळीबाराच्या सरावात आमचा एक शिपाई कानात कापूस न घालता उभा राहिला होता. कान वाजतोय म्हणाला, दोन आठवडे हसण्यावारी नेलं, आणि पुढे त्या कानाने त्याला कायमचं ऐकू येईनासं झालं. डॉक्टर तेव्हा आमच्यावरच ओरडले होते, पहिल्या दिवसांतच का आणलं नाही म्हणून. एअरबॅग फुटते तो आवाज बंदुकीच्या बारासारखाच असतो, हे मला लेकीकडून ठाऊक होतं. पण एक धागा जुळेना. सुनेला दुखापत झाली तर ती लपवायची कशाला?

मंगळवारी सकाळी लेक कामावर जाताना मला नदीकाठी सोडणार होती. मी गाडीत तिच्या शेजारी बसलो आणि सवयीप्रमाणे पट्ट्यासाठी हात मागे नेला. हात तिच्या कोपरावर आदळला.

"बाबा! पट्टा उजवीकडे आहे. रोज काय रे हे?"

मी उजवीकडून पट्टा ओढला. तो माझ्या उजव्या खांद्यावरून खाली आला आणि डाव्या कमरेशी खटकन बसला. मी तसाच बघत राहिलो. मी काही चालवत नव्हतो. मी शेजारी बसलो होतो, आणि पट्टा माझ्या उजव्या खांद्यावर होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो खरोखरच माझ्या काखेत निघाला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, इथे डावीकडे. छत्तीस वर्षांचं ज्ञान मी विमानात घालून इथे आणलं होतं आणि ते आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. अण्णा गाडी चालवतच नव्हते. आणि खोटं बोलणाऱ्या माणसाच्या जबाबावर मी, एक पोलीस अधिकारी, भर चहाच्या टेबलावर शिक्का मारून आलो होतो. त्यात त्या पोरीच्या कानाचे दोन दिवस आणखी गेले होते.

"गाडी थांबव," मी म्हणालो आणि लेकीला सगळं सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली.

"आल्झो बाबा, तर मग ती चालवत होती," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि आपल्याकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. तिला आठ झालेत. परवाना नसताना गाडी चालवली तर इथे गुन्हा आहे, धडक कुणाचीही चूक असो."

मग तिने मोबाइल काढला. अपघातानंतर गाडी दुरुस्त होईल का, हे विचारायला अण्णांच्या मुलाने तिला फोटो पाठवले होते. तिने मला एकेक गोष्ट दाखवली. खिडकीच्या वरून छताच्या कडेने पांढरा पडदा लोंबत होता. तो डोकं काचेवर आपटू देत नाही. सीटच्या बाहेरच्या कडेतून दुसरी पिशवी फाटून निघाली होती. ती बरगड्या आणि दार यांच्या मधे शिरते.

"समोरून धडक बसली तर आधी बॉनेट चेपतं, इंजिन आहे, जागा आहे," ती म्हणाली. "बाजूने काय आहे? एक दार. त्यात लोखंडी दांडा घातलेला असतो, तो जोर दोन दारांमधल्या खांबाकडे आणि खालच्या उंबऱ्याकडे वाटून देतो. पण माणूस आणि धडक यांच्यात वीतभर अंतर. म्हणून बाजूची बॅग पापणी लवायच्या आत, त्याच्याही कितीतरी आधी भरावी लागते."

"एवढ्यात कळतं कसं, की धडकच आहे?"

"दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पत्रा आत दबला की दाब एकदम वाढतो. पण कुणी रागाने दार आपटलं तरी दाब वाढतोच ना? म्हणून खांबातल्या दुसऱ्या सेन्सरला धक्का जाणवला का, ते मधला कंट्रोल युनिटचा डबा बघतो. दोघांचं जुळलं तरच बॅग उडते. एकट्याच्या सांगण्यावर नाही."

दोन स्वतंत्र साक्षीदार जुळल्याशिवाय कारवाई नाही, हा धडा मी नव्या उपनिरीक्षकांना सकाळच्या हजेरीनंतर घोकून घ्यायचो. माझ्या लेकीच्या डब्याला पापणी लवायच्या आत दोन साक्षीदार तपासता येत होते, आणि मी निवांत चहा पीत एकाच वळावर निकाल दिला होता.

"फुगेवाली नाहीस तू," मी म्हणालो. "तपासी अंमलदार आहेस."

ती हसली नाही. फोटो मोठा करून म्हणाली, "हा बघ तुझा दुसरा साक्षीदार." ड्रायव्हरचं सीट स्टिअरिंगला जवळजवळ चिकटलेलं होतं. सहा फुटांचा माणूस तिथे मावणं शक्य नव्हतं. "शिवाय विम्याचा तज्ज्ञ येईल तेव्हा तो डबा वाचेल. पट्टे कुणी लावले होते, काही गाड्यांत सीट कुठे होतं, हेही त्यात सापडतं. पण ते होईल तेव्हा होईल. तिचा कान तोवर थांबणार नाही."

नदीकाठच्या बाकावर अण्णा माझी वाट बघत बसले होते. मी चौकशीला थेट हात घातला नाही. ज्याला मनातून सांगायचं असतं त्याला आरोप नको असतो, वाट हवी असते.

"अण्णा, एसटीचं सीट तुम्हाला पुरायचं का हो?"

"कसलं पुरतंय साहेब! गुडघं ष्टेरिंगला लागायचं. डेपोत मेकॅनिकला सांगून मागं घ्यायचो."

"आणि मुलाची गाडी?"

"शेवटच्या खाचंपर्यंत मागं. त्याबिगर पायच आत जात न्हाईत."

लेकीने मला पाठवलेला सीटचा फोटो उघडून मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी फोटो पाहिला. नदीतून कोळशाची एक लांबलचक बोट चालली होती, ती पुलाखालून जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

"पोरीचं सीट हाय हे," शेवटी म्हणाले. "मीच म्हणलं तिला, तू घे हातात, मी बसतो शेजारी. उजव्या अंगानं गाडी चालवायची धास्ती घेतली होती तिनं. परीक्षा पुढल्या म्हैन्यात. आपल्याकडं असंच शिकत्यात का न्हाई? जाणतं माणूस शेजारी असलं की झालं."

"इथे नाही तसं चालत."

"ते ठावं न्हवतं असं न्हाई, साहेब. पोरगा रोज सांगायचा." त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. "पोलीस आलं, आणि वाटलं, तिला नोकरी लागायचीय हितं. तिच्या नावावर डाग नको. माझं काय, म्हाताऱ्याचं? बिल्ला गेला तर गेला. सून म्हणून आणली, पण लेकच हाय ती."

बिल्ल्याची किंमत मला माहीत होती. तरीही मला ते बोलावंच लागलं.

"अण्णा, शनिवारपासून तिचा डावा कान वाजतोय. नीट ऐकू येत नाही. ती डॉक्टरकडे जात नाही. डॉक्टर विचारेल कुठे बसली होतीस, आणि तुमचं खोटं उघडं पडेल, या भीतीने."

अण्णा उठून उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"वेळेत उपचार झाले तर कान वाचतो. उशीर झाला तर..."

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. तो माणूस घराच्या दिशेने असा निघाला, की मला अक्षरशः मागे पळावं लागलं. दार सुनेनेच उघडलं. अण्णा धापा टाकत म्हणाले, "पोरी, मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत अण्णा," ती रडत म्हणाली, "आणि मग काकांनी सांगितलं, कोर्टात सुद्धा टिकेल. म्हटलं, आता मी तोंड उघडलं तर तुम्ही खोटे पडाल."

माझी मान खाली गेली. माझ्या फुशारकीने त्या घराचं दार बाहेरून बंद केलं होतं. "चूक माझी," मी म्हणालो. "साक्ष मी मागे घेतो. आता चल."

तासाभरात ती कानाच्या डॉक्टरसमोर होती. नवरा कामावरून थेट तिथे आला. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, कधीपासून? कुठे बसली होतीस, हे त्याने विचारलंही नाही. औषधं त्याच दिवशी सुरू झाली. आणखी उशीर करायला नको होता, असं तो म्हणाला.

पोलीस ठाण्यात आम्ही गुरुवारी गेलो, वकील सोबत घेऊन. मी आयुष्यात पहिल्यांदा ठाण्यातल्या बाहेरच्या बाकावर बसलो, आणि तिथे बसणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ किती हळू चालतं ते मला तेव्हा कळलं. आतल्या तरुण बाई अंमलदाराने कागद पुढे ओढला. अण्णा बोलायला उठणार, तेवढ्यात सूनच म्हणाली, "अण्णा, बसा. मी सांगते." आणि तिने अडखळत, पण स्वतःच्या जर्मनमध्ये, सगळं सांगितलं. गाडी मी चालवत होते. परवान्याची मुदत संपली होती. सासऱ्यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं.

मग अण्णा उभे राहिले. मुलगा दुभाष्या झाला. "लिहा म्हणावं, शिकवणारा मी होतो," ते म्हणाले. सावधान उभं राहावं तसे उभे होते. बाईंनी सगळा जबाब वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि आम्ही निघताना सुनेला विचारलं, आता कान कसा आहे? मी असंख्य कबुलीजबाब घेतले, पण इतक्या ताठ मानेने दिलेला एकही नव्हता. माझ्या छातीचा भाता वर्दीशिवायही फुगला होता.

स्वतःहून आल्याचं वजन पडलं आणि प्रकरण हलक्यावर मिटलं. परवाना घ्यायला तिला थोडं जास्त थांबावं लागलं. ती नियमाने शिकली, पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो, तेव्हा अण्णाही आले होते. तिने आम्हाला बॉनपर्यंत फिरवून आणायचा बेत केला. ती स्टिअरिंगवर, अण्णा शेजारी, मी आणि लेक मागे. निघण्यापूर्वी अण्णांनी खिशातून बिल्ला काढून गाडीच्या किल्लीला अडकवला. ती नको नको म्हणत होती. "असू दे," ते म्हणाले. "माझ्याकडनं गेलाच न्हाई तो. आता तू सांभाळ."

मी मागच्या सीटवरून दाराशेजारच्या खांबाकडे बघत होतो. आत कुठेतरी लेकीच्या कामातलं ते इवलंसं यंत्र बसलेलं होतं, दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघत. पोलिसाने आपल्या अनुभवावर, तो कुठल्या रस्त्यावरचा आहे हे तपासून मगच विश्वास ठेवावा, हे मला या केसने शिकवलं. आणि आता मला कुणी विचारलं की लेक काय करते, तर मी सांगतो, ती माणसांची डोकी वाचवते. त्या पोरीचं डोकं काचेपर्यंत पोचलं नाही ते तिच्यासारख्यांमुळे.

गाडी चौकातून उजवीकडे वळणार होती. सुनेने एकदम ब्रेक दाबला. आम्ही पुढे हिंदकळलो. डावीकडून एक सायकलवाला रस्ता ओलांडून निघून गेला. मला तो दिसलाच नव्हता.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"घंटी वाजवली ना त्याने," ती म्हणाली आणि डाव्या कानावरचे केस मागे सारले. "ऐकू आली मला."

अण्णांनी खिडकीबाहेर तोंड केलं. बराच वेळ ते तसेच बाहेर बघत राहिले.